बोटीच्या सीटला रंग मारण्याआधी

वरठीत माझं सीट-कव्हरचं दुकान आहे. भंडारा रोड स्टेशनवर उतरलेली माणसं इथूनच ऑटोनं भंडाऱ्याला जातात, सनफ्लॅगच्या कारखान्यातले कामगार मोटारसायकलनं ये-जा करतात. फाटक्या सीटचा तोटा इथे कधी पडत नाही. अलीकडे त्यांत बोटवाल्यांची भर पडली आहे. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाली, आणि आता त्या धरणाचा फुगवटा वैनगंगेतून थेट भंडाऱ्यापर्यंत येतो. ढिवर बांधवांच्या डोंग्याला गादी लागत नाही, फळीवर बसलं की झालं. पर्यटकांच्या फायबर बोटीला मात्र रेग्झीनची सीट हवी, आणि आमच्याकडचे दोन-तीन उन्हाळे खाल्ले की त्या सीटची रया जाते.

मग बोटवाला सीट खांद्यावर टाकून येतो. “नवीन कव्हर नाही परवडत जी. रंग मारून देता का?”

देतो. पण आधी सीट हातात घेऊन बघतो.

रेग्झीन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक. नळाचे पाइप त्याचेच होतात. 1926 साली अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी त्यात तेलकट द्रव्य मिसळून ते रबरासारखं मऊ केलं. या द्रव्याला प्लास्टिसायझर म्हणतात. सीटचा सगळा मऊपणा त्यावर असतो आणि ऊन तेच ओढून घेतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की उघड्या बोटीतली सीट हात ठेववणार नाही इतकी तापते. द्रव्य हळूहळू निघून जातं, थर आकसतो आणि सगळ्यात आधी शिवणीजवळ तडकतो. पावसाळ्यात ताडपत्रीखाली कोंडलेल्या सीटवर काळी बुरशी धरते, तीही याच द्रव्यावर पोसते.

म्हणून मी सीट उलटी करतो आणि मधोमध अंगठा दाबून धरतो. शिवणीतून पाणी पाझरलं, तर आतला फोम भिजलेला आहे. अशा सीटला रंग मारायला मी नाही म्हणतो. ओल आत राहून बुरशी पुन्हा वर येणारच, मग गिऱ्हाइकाचे पैसे कशाला घ्यायचे? कोपरा दुमडून पाहिला आणि कापडापर्यंत भेग गेलेली दिसली, तर तिथेही रंगाचा उपयोग नाही. तेवढा तुकडा बदलावा लागतो. रंग फक्त उडालेला आहे, डाग पडलेत, पण थर अजून लवचीक आहे, अशी सीट असेल तर रंग जरूर मारावा. नव्या कव्हरच्या चौथ्या हिश्शात काम होतं.

खरी मेहनत धुण्यात आहे. कपड्याची पावडर आणि मऊ ब्रश पुरे. बुरशीला पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून लावावं. ब्लीचनं डाग जातात, पण शिवणीचा दोरा कुजतो. सीट पूर्ण वाळली की आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला पांढरा फडका फिरवायचा. धुतलेल्या सीटवरूनही तो तपकिरी होऊन निघतो. हातापायांचं तेल, सनस्क्रीन आणि चमक यावी म्हणून मारलेलं सिलिकॉनचं पॉलिश त्यात उतरतं. हे पॉलिश रंगाचा वैरी. त्याचा थेंबभर अंश राहिला तरी रंग तिथे गोल गोल फाटतो. फडका स्वच्छ निघेपर्यंत हात थांबवायचा नाही. नंतर सहाशे नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हातानं फिरवायचा.

घरात उरलेला ऑइलपेंट सीटला कधीही मारू नये. रेग्झीनमधलं तेलकट द्रव्य त्या रंगात शिरतं आणि रंग वाळतच नाही. महिन्यानंतरही पँट चिकटते. जिथे वाळतो तिथे बसल्याबरोबर तडकतो. चामडं आणि रेग्झीनसाठी मिळणारा लवचीक पीयू रंग घ्यावा. आणखी स्वस्त हवा असेल, तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडची पीव्हीसी शाई आहे. तिच्यातलं सॉल्व्हंट रेग्झीनचा वरचा थर किंचित मऊ करतं, त्यामुळे रंग आत रुतून बसतो. चौकातल्या फ्लेक्सवरचे पुढारी पावसात धुऊन जात नाहीत ते याच कारणानं. फ्लेक्सही पीव्हीसीच आहे. मात्र बैठकीची जागा घासली जाते, तिथे पीयूच जास्त टिकतो.

रंग कोणताही असो, आधी सीटच्या खालच्या बाजूला थोडा लावून दुसऱ्या दिवशी त्यावर सेलोटेप दाबून ओढावी. टेपला रंग आला तर पुन्हा धुण्यापासून सुरुवात. जमला तर तीन-चार पातळ हात, प्रत्येक हातानंतर स्पर्शाला वाळू द्यायचं. जाड हात मारला की घडीवर सोलतोच. आमच्याकडे या कामाला हिवाळ्याची सकाळ उत्तम. भर उन्हाळ्यात स्प्रेचा फवारा सीटवर पडण्याआधीच वाळून भुकटी होतो, आणि पावसाळ्यात दमट हवेनं रंगावर पांढुरकी झाक येते. काम उघड्या हवेत करा, तोंडाला कार्ट्रिजचा मास्क लावा, साधा रुमाल सॉल्व्हंटच्या वाफेला अडवत नाही. आणि बिडी पेटवणाऱ्याला लांब ठेवा.

चकाकी मागणारे बोटवाले खूप. मी मॅटच देतो, त्यासाठी वाद झाला तरी चालतो. ओल्या चकचकीत सीटवरून लहान पोर घसरतं, आणि इथे खाली वैनगंगा आहे. गडद निळा किंवा काळाही मी टाळायला सांगतो, कारण उन्हात तो पाठ भाजतो. मूळ रंगाच्या जवळचा फिका रंग घेतला, तर पुढे ओरखडा पडला तरी डोळ्यांत भरत नाही.

रंगवलेली सीट आठवडाभर तरी बोटीत लावू नका. हाताला कोरडी लागली तरी आतून ती पक्की व्हायची असते. त्यानंतर बोट काठाला लागली की वर सुती कापड टाका, खालून वारा खेळू द्या. एवढं केलं तर एक-दोन हंगाम निभावतात, आणि तेवढ्यात नव्या कव्हरचे पैसे बाजूला पडतात.