पनवेलच्या सेवा क्लबांचे बारा महिने

रोटरी आणि लायन्ससारख्या सेवा क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. १ जुलैला अध्यक्षाच्या गळ्यातील कॉलर दुसऱ्याच्या गळ्यात जाते, सचिव आणि खजिनदार बदलतात, नवे संचालक मंडळ कामाला लागते. पदग्रहण सोहळ्याचा हार सुकण्याआधीच पहिले कार्यक्रम समोर उभे असतात, कारण १ जुलै हाच डॉक्टर्स डे, तोच चार्टर्ड अकाउंटंटांचा दिवस आणि वसंतराव नाईक यांच्या जयंतीमुळे महाराष्ट्राचा कृषी दिनही तोच. त्यामुळे नव्या अध्यक्षाला पहिल्याच दिवशी गावातील डॉक्टर, सीए आणि तालुक्यातील शेतकरी अशा तिघांचा सत्कार करायचा असतो. तोही पनवेलच्या भर पावसात, आणि शेतकरी लावणीच्या चिखलात उभा असताना.

पनवेलमध्ये असे क्लब एक-दोन नाहीत. रोटरी क्लब ऑफ पनवेल, पनवेल सेंट्रल, पनवेल इंडस्ट्रियल टाऊन ही नावे शहरातील फलकांवर नेहमी दिसतात. लायन्सचेही क्लब येथे आहेत. पुणे आणि रायगड हे दोन जिल्हे मिळून रोटरीचा ३१३१ क्रमांकाचा ‘डिस्ट्रिक्ट’ होतो आणि पनवेलचे रोटरी क्लब त्यात मोडतात. सरकारी जिल्ह्याशी या शब्दाचा संबंध नाही. त्याचा प्रमुख ‘गव्हर्नर’ म्हणवला जातो, आणि त्याची अधिकृत भेट हा प्रत्येक क्लबसाठी शाळा तपासणीसारखाच दिवस असतो. फाइली नीट लावल्या जातात, वर्षभराच्या कामाचा हिशेब मांडला जातो.

ही कल्पना शिकागोची. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस हा वकील, एक कोळसा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी असे चौघे एका कचेरीत भेटले. मोठ्या शहरात ओळखीची माणसे हवीत, एवढाच मूळ हेतू होता. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत फिरत असे, म्हणून नाव पडले रोटरी. समाजसेवा नंतर आली. त्याच शहरात १९१७ मध्ये मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने लायन्सची संघटना उभी राहिली. भारतात रोटरीची पहिली सनद १९२०च्या आरंभी कोलकात्याला मिळाली, मुंबईचा क्लब १९२९चा, आणि लायन्स भारतात आले ते १९५६ मध्ये मुंबईत.

पनवेलसारख्या गावात ही कल्पना सहज रुजण्याजोगी होती. घाटावरून उतरणारा माल आणि खाडीतून येणारा माल जिथे एकत्र येई, ती ही बाजारपेठ. येथील नगरपालिका स्थापन झाली १८५२ मध्ये, म्हणजे ती महाराष्ट्रातील अगदी जुन्या नगरपालिकांपैकी एक होती. व्यापारी, वकील, डॉक्टर, शिक्षक यांचा वर्ग येथे आधीपासून होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर नवी वसाहत वाढली, तळोज्याची औद्योगिक वसाहत आली, अभियंते आणि कारखानदार आले. एका व्यवसायाचा एकच सदस्य घ्यावा हा रोटरीचा जुना नियम आता सैल झाला आहे, पण त्यामागचा व्यवहार अजून उपयोगी पडतो. शिबिर भरवायचे तर डॉक्टर, मंडप, छपाई, गाडी, जेवण आणि हिशेब यांची माणसे बैठकीच्या खोलीतच बसलेली असतात.

मराठी माणसाला ‘मंडळ’ ओळखीचे, ‘क्लब’ जरा परका. गणेशोत्सव मंडळ घरोघर पावतीपुस्तक घेऊन जाते. क्लबात सदस्य स्वतः वार्षिक वर्गणी भरतो, आणि ती बऱ्याच मध्यमवर्गीय घरांना जड वाटावी अशी असते. बैठकीची शिस्तही वेगळी. घंटा वाजवून सभा सुरू होते आणि घंटा वाजवूनच संपते. मागील बैठकीचे इतिवृत्त, पाहुण्याचे भाषण, वाढदिवसांच्या शुभेच्छा आणि मग ‘फेलोशिप’, म्हणजे साध्या शब्दांत जेवण. या जेवणावरून बाहेरचे लोक टोमणे मारतात. पण पगार नाही, सक्ती नाही, अशा ठिकाणी वर्षानुवर्षे माणसे परत येतात ती बऱ्याच अंशी या पंगतीमुळे, हेही तितकेच खरे. पूर्वी बैठक दर आठवड्याला घ्यावीच लागे. २०१६पासून रोटरीने महिन्यातून किमान दोन एवढी सवलत दिली आहे.

स्त्रियांना या सभेत खुर्ची मिळायला फार उशीर झाला. दोन्ही संघटनांची दारे त्यांच्यासाठी १९८७ मध्ये उघडली. रोटरीच्या बाबतीत तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागावा लागला. तोवर सदस्याची पत्नी ही ‘ॲन’ आणि मुले ‘ॲनेट’. हे शब्द आपल्याकडे अजून ऐकू येतात, आणि पुरुष अध्यक्षाच्या पत्नीला ‘फर्स्ट लेडी’ म्हणण्याची हौसही टिकून आहे. रोटरी सदस्यांच्या घरांतील स्त्रियांनी १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू केलेले इनर व्हील आज स्वतंत्र संघटना म्हणून काम करते.

क्लबांच्या कामात सर्वांत नियमित असते ते रक्तदान शिबिर. क्लब स्वतः रक्त घेऊ शकत नाही. परवानाधारक रक्तपेढीच ते घेते. क्लबाने द्यायची असतात माणसे, जागा, खाटा, चहा-बिस्किटे आणि आधीचे पंधरा दिवस केलेले फोन. दाता १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि १२.५ हिमोग्लोबिन असलेला हवा. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रीला १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. वजनानुसार ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. त्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते आणि मग त्याचे घटक वेगळे केले जातात. पैसे घेऊन रक्त देणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १९९८पासून बंदी आली. तेव्हापासून अशा शिबिरांचे महत्त्व आणखी वाढले.

येथे एक गोम आहे. लाल पेशी योग्य द्रावणात ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघे ५ दिवस. एका रविवारी प्रचंड संख्येने पिशव्या जमवून विक्रम केला, तर त्यातील प्लेटलेट्सचा उपयोग पुढच्या शुक्रवारपर्यंतच. दीड महिन्यानंतर पेढी पुन्हा रिकामी होते आणि दाते तीन महिने परत येऊ शकत नाहीत. खरी टंचाई पडते एप्रिल-मे मध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत. त्या दिवसांत महाविद्यालये बंद असतात आणि चाकरमानी गावी गेलेला असतो. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच, त्याला सुट्टी नसते. म्हणून जुलैतल्या एका मोठ्या शिबिरापेक्षा मे महिन्यातले पन्नास पिशव्यांचे शिबिर रक्तपेढीला अधिक मोलाचे. अनुभवी सचिव हे जाणतो. अध्यक्षाला फलकावर आकडा हवा असतो.

दुसरे मोठे काम डोळ्यांचे. १९२५ मध्ये ओहायोतील अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधांच्या बाजूने उभे राहण्याचे आवाहन केले, तेव्हापासून नेत्रसेवा हे त्या संघटनेचे जणू कुळाचाराचे काम झाले. रोटरीही त्यात मागे नाही. पूर्वी शाळेच्या वर्गातच टेबल मांडून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत. जंतुसंसर्गाने डोळे गमावण्याचे प्रकार घडल्यावर ती पद्धत मागे पडली. आता गावात होते ती फक्त तपासणी. अक्षरांचा तक्ता, टॉर्च, रक्तदाब आणि साखर. निवडलेल्या रुग्णांना गाडीने रुग्णालयात नेतात, भिंग बसवून शस्त्रक्रिया होते आणि त्यांना घरी आणून सोडतात. लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि नवीन पनवेलमधील आर. झुनझुनवाला शंकरा नेत्र रुग्णालय यांच्यासारख्या संस्था शहरातच असल्याने पनवेलकरांना यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

अडचण वैद्यकीय कमी, शेतीची जास्त. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यात पाणी आणि माती जाऊ द्यायची नसते, थेंब नियमित घालायचे असतात. भातलावणीच्या दिवसांत हे शक्य नाही. शिवाय ‘ऑपरेशन थंडीतच करावे’ हा जुना समज अजून गेलेला नाही. त्यामुळे क्लबाचे वर्ष जुलैत उत्साहाने सुरू झाले तरी आजीबाई गाडीत बसतात त्या कापणी आटोपल्यावर. शिबिराचे सर्वांत दुर्लक्षित अंग म्हणजे महिन्याभरानंतरची तपासणी. तेव्हा चष्म्याचा नंबर ठरतो, पण फोटो काढायला तेव्हा कोणी नसते.

शहराच्या पूर्वेला माथेरानच्या पायथ्याशी धोदाणीकडे रस्ता जातो, तसे डोंगरकुशीत ठाकूर आणि कातकरी वाड्या लागतात. क्लबांचा ‘ग्रामीण प्रकल्प’ बहुधा अशाच वाड्यांत होतो. जूनमध्ये वह्या, दप्तरे, रेनकोट वाटले जातात, शाळेत पाण्याची टाकी, हात धुण्याचे नळ, संगणक किंवा दूरचित्रवाणी संच बसवला जातो. वाटप करणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कातकऱ्यांची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जूनमध्ये दिलेले दप्तर डिसेंबरात भट्टीवरच्या झोपडीत असते आणि मूल शाळेबाहेर. ज्या क्लबांनी हे ओळखले त्यांना वह्यांपेक्षा भट्टीवरचा वर्ग किंवा वाडीत मागे राहणाऱ्या मुलांची राहण्याची सोय महत्त्वाची वाटू लागते.

पाण्याच्या बाबतीत वनराई बंधारा हे क्लबांचे आवडते काम. मोहन धारिया यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेने तो लोकप्रिय केला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, पावसाळा ओसरल्यावर ओढ्यात आडवा बांध घातला की साठलेले पाणी काही महिने पुरते. गोण्या फुकट मिळतात, श्रमदान गावकरी आणि सदस्य मिळून करतात. पुढच्या पावसात बांध वाहून जातो, म्हणून तो दर वर्षी नव्याने घालावा लागतो. वृक्षारोपणाचे मात्र बिनसते. जुलैत रोप लावणे सोपे, फेब्रुवारी ते मे पाणी घालणे आणि वणव्यापासून वाचवणे अवघड. आणि त्या चार महिन्यांत अध्यक्षाचे लक्ष वर्षअखेरीच्या अहवालाकडे लागलेले असते.

एका वर्षाच्या मुदतीत न मावणारे काम हाती घेऊन ते तडीला नेल्याचे सर्वांत ठळक उदाहरण पोलिओचे. रोटरीने १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ मोहीम सुरू केली. भारतात १९९५पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. बूथवर सदस्य बसत, एस.टी. स्थानकांत आणि रेल्वे फलाटांवर प्रवासी मुले गाठली जात, फिरती पथके वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जात, डोस दिल्याची खूण म्हणून करंगळीला शाई लावली जाई. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. मोहीम सुरू झाल्यापासून तोवर प्रत्येक क्लबात जवळजवळ तीस अध्यक्ष बदलले होते.

पैसा येतो तो तीन वाटांनी. वर्गणी आणि सदस्यांच्या देणग्या ही पहिली. दुसरी रोटरी फाउंडेशनची. आर्च क्लम्फ यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या या निधीला पहिली देणगी आली ती साडेसव्वीस डॉलरची. आज सदस्याने दिलेल्या वार्षिक देणगीतील वाटा तीन वर्षांनी त्याच्या डिस्ट्रिक्टकडे प्रकल्पांसाठी परत येतो. परदेशातील एखादा क्लब भागीदार मिळाला आणि अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलरचे असले, तर ‘ग्लोबल ग्रँट’ मागता येते. डायलिसिस यंत्रासारखी महागडी उपकरणे अशा मार्गाने घेता येतात. तिसरी वाट कंपन्यांची. २०१३च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. तळोजा आणि रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात कारखान्यांची कमतरता नाही. मात्र हा निधी घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१पासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि नुसत्या क्लबाला ते जमत नाही.

म्हणून जुने क्लब आपल्याला जोडून एक धर्मादाय न्यास काढतात. त्याची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते, देणगीदाराला आयकराच्या ८०जी कलमाखाली सवलत मिळते, आणि विश्वस्त दर १ जुलैला बदलत नाहीत. इमारत, रुग्णवाहिका, रक्तपेढी, डायलिसिस केंद्र अशा गोष्टी न्यासाच्या नावावर राहतात, शिबिरे आणि सत्कार क्लबाकडे. मुंबईच्या उत्तरेला वापीत, म्हणजे पनवेलसारख्याच कारखान्यांच्या गावात, रोटरीने उभे केलेले हरिया रुग्णालय अशाच दीर्घ मुदतीच्या व्यवस्थेवर चालत आले आहे. त्याच वापी क्लबाचे कल्याण बॅनर्जी २०११-१२ मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले, आणि त्यांनाही एकच वर्ष मिळाले.