धातूचा सांधा आणि चिकटद्रव्याची निवड

लोखंडास लाकूड, रबर अथवा प्लास्टिक जोडण्याचा प्रसंग शेतकऱ्याच्या घरी वारंवार येतो. अशा वेळी हाताशी असेल ते चिकटद्रव्य लावले जाते आणि थोड्याच दिवसांत सांधा सुटतो. दोष बहुधा चिकटद्रव्याचा नसून निवडीचा व पूर्वतयारीचा असतो.

कोपरखैरणे हे ठाणे खाडीच्या काठचे गाव. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईच्या उभारणीत येथील भातशेती नाहीशी झाली. परंतु खाडीची दमट, खारी हवा तशीच राहिली. अशा हवेत लोखंडावर गंज लवकर चढतो. सांध्याच्या कडेने ओल आत शिरते, चिकटद्रव्याखाली गंज धरतो आणि वरून शाबूत दिसणारा सांधा आतून सुटतो. कोकणातील प्रत्येक खाडीकाठच्या गावास हे लागू आहे.

चिकटद्रव्य निवडताना धातूस काय जोडावयाचे आहे, हे प्रथम पाहावे.

लाकूड, दगड वा काँक्रीट जोडण्यास दोन नळ्यांतून मिळणारे इपॉक्सी उत्तम; अॅरल्डाइट हे त्याचे परिचित उदाहरण. दोन्ही भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावेत. कठीण करणारा भाग जास्त घातल्याने सांधा अधिक मजबूत होत नाही. सुताराचा पांढरा फेविकॉल लाकडास लाकूड जोडण्यासाठी आहे. त्यातील पाणी लाकूड शोषते, धातू शोषत नाही.

रबरासाठी सोल्युशन वापरावे. ते दोन्ही बाजूंस लावून, बोटास चिकटेनासे झाल्यावरच दाबून बसवावे. तेल अथवा पेट्रोल लागणाऱ्या जागी ते टिकत नाही.

प्लास्टिकची पारख आधी करावी. त्याचा लहान तुकडा पाण्यात टाकावा. फवारणी पंपाच्या टाकीचे प्लास्टिक बहुधा तरंगते व मेणासारखे गुळगुळीत लागते. त्यास साधे चिकटद्रव्य धरत नाही. तेथे वायसर व नटबोल्ट वापरावेत. पीव्हीसी पाण्यात बुडते. मात्र पीव्हीसीचे सॉल्व्हंट सिमेंट लोखंडास धरत नाही. शिवाय उन्हात पीव्हीसी लोखंडाच्या सुमारे पाचपट प्रसरण पावते. म्हणून अशा नळांस आट्यांचा जोड व टेफ्लॉन टेप वापरावी.

पूर्वतयारी अशी करावी. गंज व जुना रंग पॉलिश पेपरने घासून, चकचकीत धातू उघडा पाडावा. तेलकटपणा थिनरने स्वच्छ फडक्याने पुसावा. विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत हे काम करावे. नंतर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ. मोत्यासारखा गोळा झाला तर तेल शिल्लक आहे असे समजावे. पृष्ठभाग पूर्ण कोरडा करून त्याच दिवशी सांधा जोडावा व पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. नंतर कडांवर रंगाचा हात द्यावा.

कोयता, कुऱ्हाड व कुदळ यांचा भार केवळ चिकटद्रव्यावर कधीही सोपवू नये. घाव घालताना पाते निसटल्यास स्वतःचा अथवा शेजारी काम करणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. तेथे शेंबी, पाचर व रिव्हेट हाच आधार. इपॉक्सी केवळ ओल आत जाऊ नये म्हणून भरावे.

ग्रामसेवकांनी गावच्या बैठकीत दोन लोखंडी पट्ट्या, एक घासलेली व एक तेलकट, लाकडास चिकटवून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष ओढून दाखवाव्यात. स्वच्छ पृष्ठभागाचे महत्त्व सांगण्यास याहून सोपे प्रात्यक्षिक नाही.