हॉर्सटेल: माणसाचे औषध, पिकाचेही

केस दाट व्हावेत, नखे तुटू नयेत म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलच्या वेष्टनावर ‘हॉर्सटेल’ हे नाव अनेकदा दिसते. गोमंतकीय वाचकाला ते परके वाटेल. पण त्याची खूण मिरामारच्या किनाऱ्यावर उभी आहे. सुरूच्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘कॅज्युअरिना इक्विसेटिफोलिया’, म्हणजे इक्विसेटमसारखी पाने असलेले झाड. हे इक्विसेटम म्हणजेच हॉर्सटेल. लॅटिनमध्ये ‘इक्वस’ म्हणजे घोडा आणि ‘सेटा’ म्हणजे राठ केस. सुरूच्या सुया या वस्तुतः सांधेदार हिरव्या डहाळ्या असतात. हॉर्सटेलचे खोडही तसेच सांध्यासांध्यांचे असते. साम्य मात्र दिसण्यापुरतेच. सुरू सपुष्प वृक्ष आहे, तर हॉर्सटेल नेच्याप्रमाणे बीजाणूंवर वाढणारी वनस्पती. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिचे पूर्वज वृक्षांएवढे उंच होते. औषधात वापरली जाणारी ‘इक्विसेटम आर्व्हेन्स’ ही जात थंड प्रदेशातली असून भारतात ती हिमालयात आढळते.

परंपरा काय सांगते?

या वनस्पतीत सिलिका विपुल असते. तिचा स्पर्श खरखरीत असल्याने युरोपात पूर्वी कथलाची भांडी तिने घासत. जर्मन भाषेतील तिच्या नावातही कथील आहे. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याच्यापासून तिचे औषधी उल्लेख सापडतात. रक्तस्राव थांबवणे, जखम भरून आणणे आणि लघवी साफ होणे हे तिचे तीन प्रमुख पारंपरिक उपयोग. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातील धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांनी तिच्या काढ्याला पुन्हा लोकप्रियता मिळवून दिली.

विज्ञान कुठवर साथ देते?

युरोपीय औषध संस्थेने दोनच उपयोग मान्य केले आहेत: मूत्रमार्गाच्या किरकोळ तक्रारींत लघवीचे प्रमाण वाढवणे आणि वरवरच्या जखमांवर बाह्योपचार. ही मान्यताही दीर्घकालीन वापराच्या आधारे आहे. ब्राझीलमध्ये ३६ निरोगी पुरुषांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला ९०० मिलिग्रॅम अर्काचा मूत्रल परिणाम हायड्रोक्लोरोथायझाइड या प्रचलित औषधाच्या तोडीचा आढळला. पण ही चाचणी छोटी आणि अल्पकाळाची होती. केस, नखे व हाडे यांबाबतच्या दाव्यांना मात्र अद्याप भक्कम पुरावा नाही.

धोका कुठे आहे?

हॉर्सटेलमध्ये थायमिनेज हे विकर असते. ते ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करते. चाऱ्यातून ती जास्त पोटात गेल्यास घोड्यांचा तोल जातो, ते अशक्त होतात. म्हणूनच मद्यपान करणाऱ्यांनी आणि ‘ब-१’ची कमतरता असलेल्यांनी ती टाळावी. हृदय वा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेले, गरोदर व स्तनदा स्त्रिया, लहान मुले यांनीही ती घेऊ नये. लघवी वाढवणाऱ्या किंवा लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये. शिवाय ‘इक्विसेटम पॅलुस्ट्रे’ ही तिची विषारी बहीण दिसायला अगदी जवळची असल्याने भेसळीचा धोका राहतो.

इंदूरचा दुवा

या वनस्पतीचा दुसरा उपयोग शेतात होतो. जून १९२४ मध्ये रुडॉल्फ स्टायनर यांनी दिलेल्या व्याख्यानांतून ‘बायोडायनॅमिक’ शेतीचा उगम झाला. पिकांवरील बुरशीसाठी हॉर्सटेलचा काढा फवारावा, असे त्यांनी सुचवले. त्याच वर्षी इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती उद्योग संस्था उभारली. तिथे विकसित झालेली ‘इंदूर कंपोस्ट पद्धत’ हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ च्या ग्रंथातून जगापुढे ठेवली. पुढे १९९३ मध्ये इंदूरच्या टी. जी. के. मेनन यांच्या निमंत्रणावरून न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर भारतात आले आणि बायोडायनॅमिक पद्धतीचा येथे प्रसार झाला.

मैदानी प्रदेशात हॉर्सटेल कुठून आणायची? भारतीय शेतकऱ्यांनी उत्तर शोधले ते सुरूच्या डहाळ्यांत. त्या पाण्यात उकळून, गाळून, पाणी मिसळून फवारतात. स्टायनर यांच्या ग्रहताऱ्यांविषयीच्या कल्पनांना वैज्ञानिक आधार नाही. मात्र सिलिकॉनमुळे भातासारखे पीक बुरशीला अधिक तोंड देते, हे सिद्ध झालेले आहे. युरोपीय महासंघाने २०१४ मध्ये पीकसंरक्षणासाठीचा मूलभूत पदार्थ म्हणून हॉर्सटेलला मंजुरी दिली.

सुरूचा हा पर्याय केवळ फवारणीसाठी आहे; हॉर्सटेलऐवजी तो काढा कुणी पिऊ नये. लघवीच्या तक्रारींसाठी आयुर्वेदाने पुनर्नवा आणि गोखरू या परिचित वनस्पती सांगितल्या आहेत. त्याही वैद्याच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. लघवीतून रक्त जाणे, ताप किंवा तीव्र जळजळ असेल, तर काढ्यावर दिवस न घालवता डॉक्टरांकडे जाणे हाच योग्य मार्ग होय.