विजेचा खांब नसलेल्या घरात राहायला जाताय? आधी जुलैचा हिशोब करा

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात हल्ली एक प्रश्न खूप ऐकायला मिळतो. "मुरबाडकडे जागा घेतली, घरही बांधलं, पण लाईट नाही. सोलर लावलं की झालं ना?" उत्तर आहे: होतं, पण हिशोब बरोबर केला तर. बहुतेक लोक जागा बघतात एप्रिलमध्ये, हिशोब करतात एप्रिलच्या उन्हावर आणि राहायला गेल्यावर समोर येतो जुलै.

मी राहतो कॅम्प ४ मध्ये. माझे काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि काकूंसोबत धसईच्या पुढे आमच्या जुन्या जागेवर कायमचं राहायला जायचं ठरलं. काकूंना डायबेटिस आहे, म्हणजे फ्रिजमध्ये इन्सुलिन. त्यामुळे "गेली लाईट तर गेली" असं म्हणून चालणार नव्हतं. त्या घरासाठी केलेलाच हिशोब इथे देतोय. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

ऑफ-ग्रिड म्हणजे नेमकं काय?

शहरात बिल्डिंगवर दिसतं ते बहुतेक ऑन-ग्रिड सोलर. ते महावितरणच्या लाईनला जोडलेलं असतं. लाईन बंद पडली की सुरक्षेसाठी तेही बंद होतं, कारण लाईनवर काम करणाऱ्या माणसाला उलटा शॉक बसू नये. पीएम सूर्यघर योजनेची ७८,००० रुपयांपर्यंतची सबसिडी याच प्रकारासाठी आहे. आपल्याला हवंय ऑफ-ग्रिड, म्हणजे पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर. त्याला ही सबसिडी मिळत नाही. म्हणून सगळ्यात आधी महावितरणकडून नवीन कनेक्शनचा अंदाजखर्च काढून घ्या. खांब जवळ असेल तर कनेक्शनच स्वस्त पडेल.

पायरी १: आधी यादी, मग खरेदी

वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास. १,००० वॅट-तास म्हणजे १ युनिट. काकांच्या घराची रोजची यादी अशी झाली:

- ९ वॅटचे ६ एलईडी बल्ब, ५ तास: २७०
- २८ वॅटचे २ बीएलडीसी पंखे, १२ तास: ६७२
- छोटा सिंगल डोअर फ्रिज: साधारण ७००
- राउटर आणि मोबाईल चार्जिंग: ३००
- टीव्ही, ३ तास: १५०
- अर्ध्या एचपीचा पंप, अर्धा तास: २५०
- मिक्सर, १० मिनिटं: ८०

एकूण जवळपास २,४०० वॅट-तास, म्हणजे २.४ युनिट.

यात पंख्याकडे लक्ष द्या. साधा पंखा ७५ वॅट खातो. असे दोन पंखे १२ तास चालले की १,८०० वॅट-तास गेले! पंखे बदलल्यामुळे रोजचं एक युनिटपेक्षा जास्त वाचलं. तेवढ्यासाठी जास्तीची बॅटरी घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे. गीझर, इस्त्री, इंडक्शन मात्र यादीत येऊच देऊ नका. तिथे गॅस किंवा चूलच बरी.

आता लोक हमखास विसरतात ती गोष्ट. इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. काहीही चालू नसताना ३० वॅट खाणारा इन्व्हर्टर २४ तासांत ७२० वॅट-तास संपवतो, म्हणजे अजून एक फ्रिजच! बॅटरीत वीज भरताना-काढताना साधारण १५ टक्के वाया जाते. हे सगळं धरलं की २.४ चे होतात साधारण ३.५ युनिट. आपला खरा आकडा हा.

पायरी २: पॅनेल आणि बॅटरी

काकांकडे ५४० वॅटची ३ पॅनेल आहेत, म्हणजे १,६२० वॅट. आपल्या भागात पावसाळ्यात दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या कडक उन्हाइतकी ऊर्जा मिळते असं धरा. उष्णता, धूळ, वायरिंग यांत २० टक्के जातात. मग मिळतात ४.५ युनिट. गरज ३.५ ची, म्हणजे सरासरीने पास.

पण सरासरीवर घर चालत नाही. जुलैत काळोखी झड लागली की सव्वा तासाचं ऊनही कसंबसं मिळतं. तेव्हा हातात येतात फक्त दीड युनिट. रोजची तूट २ युनिटची, ती बॅटरीने भरायची.

बॅटरी घेतली लिथियम फॉस्फेट, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. म्हणजे ५.१ युनिट, त्यातले ४.६ वापरता येतात. १५० अँपिअर-अवरच्या साध्या ४ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांत ७.२ युनिट मावतात, पण त्या टिकवायच्या तर निम्म्यावर थांबावं लागतं. हाती उरतात ३.६.

आता भागाकार करा. ४.६ भागिले २. दोन दिवस, फार तर सव्वादोन. तिसऱ्या दिवशी अंधार!

पायरी ३: "झडीची यादी"

इथे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे दुप्पट बॅटरी घ्या. दुसरा फुकटचा: झड सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी वापर कमी करा. फ्रिज, एक पंखा, तीन बल्ब, राउटर आणि मोबाईल एवढंच चालू ठेवलं तर लोड १.५ युनिट, नुकसान धरून साधारण २.४. तूट उरते फक्त ०.९ युनिटची. तीच बॅटरी आता ५ दिवस पुरते.

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे. बॅटरी एका पैशानेही न वाढवता २ चे ५ दिवस होतात, पण कात्री पहिल्या दिवशी लावली तरच. म्हणून वायरिंग करतानाच बोर्डात दोन सर्किट वेगळी काढा: "गरजेचं" आणि "चैनीचं". काकांनी फक्त एक एमसीबी खाली करायचा, बाकी डोकं लावायचं नाही.

अशा दिवसांत मदत लवकर पोहोचत नाही हेही धरून चाला. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. रेल्वेची ही गत, तर सोलरवाला बाईकवर कुठून येणार?

पायरी ४: पाणी

टाकी ही सगळ्यात स्वस्त बॅटरी! १,००० लिटर पाणी २० मीटर वर चढवायला छोट्या पंपाला जेमतेम पाव युनिट लागतं. हे काम भर दुपारी करा, वीज बॅटरीत न जाता थेट पंपाला मिळते. जल जीवन मिशनच्या ५५ लिटर माणशी मापाने दोघांना १,००० लिटर ९ दिवस पुरतात. शिवाय ५० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की ५०० लिटर पाणी पडतं, त्यातलं ४०० तरी गोळा होतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, त्यात पक्ष्यांची घाण असते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी राहायला जाण्याआधी लॅबमधून तपासून घ्या.

पायरी ५: लोक टाळतात ती कामं

- अर्थिंग आणि वीजरोधक: मे-जून आणि ऑक्टोबरमध्ये डोंगराकडेला विजा भरपूर. पॅनेलच्या स्टँडला अर्थिंग आणि वायरिंगला सर्ज प्रोटेक्टर हवाच.
- वारा: ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात किती छपरं उडवली ते आठवा. स्टँड स्लॅबमध्ये पक्का बोल्ट करा. तोंड दक्षिणेला, उतार २० अंशांच्या आसपास.
- इन्व्हर्टर: प्युअर साइन वेव्हच घ्या. पंप सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो, म्हणून ३ केव्हीए.
- बाहेरचा दिवा: पावसाळ्यात साप निघतात. दार ते संडास या वाटेवर सेन्सरचा दिवा लावा. तो "गरजेच्या" सर्किटवर.
- नेटवर्क: रेंज अंगणात नाही, दार लावून घरात तपासा. रात्री अँब्युलन्सला फोन तिथूनच लावायचा आहे.

पायरी ६: राहायला जाण्याआधी तालीम

आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. म्हणजे सगळं काम मेच्या मध्यापर्यंत संपायला हवं. मग दोन दिवस तिथे राहा आणि पॅनेलचा एमसीबी बंद ठेवा. पहिला दिवस सगळं चालवा, दुसरा दिवस झडीच्या यादीवर. दर चार तासांनी बॅटरीची टक्केवारी वहीत लिहा. कागदावरच्या हिशोबापेक्षा बॅटरी लवकर उतरली तर चूक कुठे आहे ते उन्हाळ्यातच सापडेल.

आणि डॉक्टरांना एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: फ्रिज बंद पडला तर काय? वापरात असलेली इन्सुलिन बहुतेक वेळा ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालते, पण तुमच्या औषधाचं डॉक्टरच सांगतील. काकूंच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलाय. वर झडीची यादी, खाली डॉक्टरांचा नंबर.