दारू सुटली, बुद्धी केव्हा परतते?

ज्या घरातील कर्ता पुरुष दारूच्या आहारी गेला, त्या घरात दोन प्रश्न अहोरात्र घोळत असतात. ही सुटेल का, हा पहिला. आणि सुटल्यावर हा पूर्वीसारखा शहाणा होईल का, हा दुसरा. पहिल्यावर व्याख्याने होतात, नाटके होतात. दुसरा मात्र माजघरातच कुजबुजला जातो. आज आम्ही या दुसऱ्याच प्रश्नाचा विचार योजिला आहे. कारण त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे सुधारू लागलेला मनुष्य घरच्यांच्याच उतावळेपणाने पुन्हा पेल्याकडे लोटला गेलेला आम्ही पाहिला आहे.

मद्याचा घाला बुद्धीवर पडतो, हे आपल्या पूर्वजांना अवगत होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर स्वतंत्र अध्याय असून, मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या उलट आहेत, असे तेथे सांगितले आहे. मद्य सोडलेल्याने एकाएकी पुन्हा अतिपान केले असता जडणाऱ्या दोन निराळ्या व्याधीही तेथे नमूद आहेत.

आधुनिक वैद्यकाने यात कार्यकारणाची भर घातली. मेंदूत काही संदेश शांतविणारे, तर काही उत्तेजन देणारे असतात. मद्य पहिल्यांना बळ देते व दुसऱ्यांना दाबून ठेवते. वर्षानुवर्षे हा दाब सोसणारा मेंदू तोल राखण्यासाठी स्वतःच उत्तेजन वाढवितो. अशा मनुष्याची दारू एका दिवसात बंद केली, की दाब नाहीसा होतो आणि वाढलेले उत्तेजन मोकाट सुटते. काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कित्येकांना झटके येतात. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत क्वचित भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. या अवस्थेत प्राणही जाऊ शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्यास खोलीत कोंडून, शपथ घालून दारू तोडविणे हे धैर्य नव्हे, अविचार आहे. डॉक्टर शामक औषधे देऊन ती काही दिवसांत क्रमाने कमी करतात. अशी सोडवणूक वारंवार घडल्यास पुढची खेप अधिक बिकट होण्याचा संभव असतो, हेही ध्यानात ठेवावे.

याच वेळी ब-१ जीवनसत्त्वाकडे, म्हणजे थायामिनकडे, लक्ष द्यावे लागते. मद्यपी जेवत कमी, आणि जे जेवतो त्यातील हे सत्त्वही अंगी नीट लागत नाही. ते फारच घटले म्हणजे दृष्टी डळमळते, चाल अडखळते, मन गोंधळते. हा विकार जर्मन वैद्य वेर्निके यांनी 1881 साली वर्णिला. वेळीच उपाय न झाल्यास स्मृती कायमची पांगळी होऊ शकते. त्या अवस्थेला रशियन वैद्य कोर्साकोव्ह यांचे नाव मिळाले आहे. असा रोगी न घडलेल्या गोष्टी घडल्याप्रमाणे सांगतो. घरचे त्याला लबाड म्हणतात. परंतु तो खोटे बोलत नसून, स्मृतीतील पोकळी नकळत भरीत असतो.

कोर्साकोव्हची पायरी फार थोड्यांच्या वाट्याला येते. सामान्य मद्यपीचे काय होते? त्याची भाषा व पूर्वीचे ज्ञान बहुधा शाबूत राहते. तो ऐटीने बोलतो, संस्कृत सुभाषितेही म्हणून दाखवितो, आणि घर फसते. दुबळे झालेले असते ते अवधान, नवे ध्यानात ठेवण्याची शक्ती, आगाऊ योजना, मोहाच्या क्षणी स्वतःला आवरणे. सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात हिशेब लिहिणारे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ दारू सोडून तिसऱ्या आठवड्यात कीर्द लिहावयास बसले. रोजच्या बेरजा चुकू लागल्या. घरात निष्कर्ष निघाला, की हे चोरून पितात. वास्तविक त्यांनी थेंबही घेतला नव्हता. या संशयानेच ते पुढे पंधरा दिवसांत पुन्हा प्याले.

येथे साताऱ्याचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे; सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकून मिरजेस त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली. 1991 साली त्यांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था उभी केली. पुण्यातील ‘मुक्तांगण’ त्यापूर्वी, 1986 साली, अनिल व सुनंदा अवचट या डॉक्टर दांपत्याने सुरू केले होते. दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांच्या पश्चातही ‘परिवर्तन’चे कार्य चालू राहिले. अशा संस्थांचा मोठा उपकार हा, की दारू उतरविणे ही केवळ पहिली पायरी आहे, हे त्यांनी लोकांस शिकविले. पुढे समुपदेशन, नियमित दिनचर्या, घरच्यांची तयारी आणि दीर्घ पाठपुरावा यांची गरज असते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. पुष्कळांची बुद्धी बव्हंशी परतते, परंतु सावकाश. पहिल्या काही आठवड्यांत बरीच सुधारणा दिसते. पुढे महिनोन्‌महिने, कित्येकांची वर्षभर व अधिकही, ती चालूच राहते. पिणे थांबल्यावर आक्रसलेला मेंदू काही अंशी पुन्हा भरतो, असे चित्रणांतही आढळले आहे. वय, आहार, पूर्वी डोक्यास झालेली इजा यांवर फलाचे प्रमाण अवलंबून असते. आणि काहींच्या बाबतीत थोडे उणे राहूनही जाते.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. पहिले काही महिने तिजोरीच्या किल्ल्या, जमिनीचे व्यवहार, मुलीच्या लग्नाची बोलणी यांचा भार त्याच्यावर टाकू नये. तसेच चारचौघांत अपमान करून त्याला निकामीही ठरवू नये. एका वेळी एकच काम सांगावे. ते कागदावर लिहून द्यावे. हिशेब दुसऱ्याने मुकाट्याने तपासावा. वेळेवर जेवण व झोप सांभाळावी, डॉक्टरांकडील खेप चुकवू नये. चूक झाली तर आधी थकवा समजावा, संशय मागाहून. महिनाभरानंतरही विसरणे किंवा गोंधळ वाढतच असल्यास मात्र आळस न करता तपासणी करावी.

मोडलेले हाड सांधावयास सहा आठवडे लागतात, हे सारे घर निमूटपणे मान्य करते. सोसलेल्या मेंदूस त्याहून अधिक अवधी हवा, एवढे मान्य केले तरी कित्येक घरे सावरतील.