निदानांच्या पलीकडचे उपचार

नैराश्य, अतिचिंता, भीतीचे झटके ही निदाने वेगळी असली तरी एकाच रुग्णात ती अनेकदा एकत्र आढळतात. झोप उडणे, तोच विचार घोळत राहणे, माणसे व कामे टाळणे हे दुवे बहुतेकांत समान असतात. निदानापेक्षा या दुव्यांवर काम करणारी उपचारपद्धती अमेरिकेत डेव्हिड बार्लो यांनी विकसित केली.

गोव्यातील ‘मानस’ प्रयोगात नैराश्य व चिंता यांवर एकत्रित उपचार झाले. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने हीच वाट धरली. तेथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील, वर्धा जिल्ह्यातील जामसारख्या गावांसाठी हा दाखला मोलाचा आहे. कर्ज आणि नापिकीचा ताण निदान पाहून येत नाही. दारूचे व्यसनही त्यातच मिसळते. वर्धेसह १४ जिल्ह्यांत २०१५ पासून राबवलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात म्हणूनच आशा कार्यकर्त्यांना तणावग्रस्त कुटुंबे शोधण्याचे काम दिले गेले.

मात्र स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारात नेमके निदान आणि औषधे टाळता येत नाहीत. तेथे मानसोपचारतज्ज्ञच हवा. जामच्या रुग्णांसाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही जिल्ह्यातील व विभागातील मोठी केंद्रे आहेत. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास सुरू असते.