शिळी स्थितिसूचना
सर्व्हर व संगणकजाल यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीत दिसणारी, परंतु जिच्यामागील मोजमाप कालबाह्य झाले आहे, अशी स्थितीची नोंद किंवा तीवरून निघालेला इशारा. हिचे दोन प्रकार आढळतात. पहिल्यात बिघाड दुरुस्त झाल्यावरही इशारा कायम राहतो. दुसऱ्यात बिघाड झाला असूनही दर्शक फलकावर ‘ठीक’ ही जुनीच नोंद राहते. पहिल्या प्रकारामुळे कर्मचाऱ्यांचा इशाऱ्यांवरील विश्वास उडतो. दुसरा प्रकार सहजासहजी लक्षात येत नसल्यामुळे अधिक घातक ठरतो.

कार्यपद्धती : मोजमाप करणारी आज्ञावली, निष्कर्ष वाहून नेणारे जाल, त्यांची नोंद घेणारी मध्यवर्ती आज्ञावली, इशारा पाठविणारी यंत्रणा आणि दर्शक फलक अशी देखरेख प्रणालीची साखळी असते. सक्रिय तपासणीत मध्यवर्ती प्रणाली ठरावीक अंतराने स्वतः विचारणा करते. निष्क्रिय तपासणीत दूरचा सर्व्हर आपणहून निष्कर्ष पाठवितो. १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने पुढे आलेल्या व नंतर ‘नॅगिऑस’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या प्रणालीत हे दोन्ही प्रकार आहेत. सेवेच्या तपासणीचा निष्कर्ष तीत ० (ठीक), १ (सावधान), २ (गंभीर) व ३ (अज्ञात) या अंकांनी कळविला जातो. निष्क्रिय तपासणीत पाठविणारा सर्व्हरच बंद पडल्यास, वेगळी तजवीज केलेली नसेल तर, शेवटचा अंक तसाच राहतो.

कारणे : मोजमाप करणारी आज्ञावली बंद पडणे, फायरवॉलमुळे निष्कर्ष अडणे, तपासण्यांची संख्या क्षमतेबाहेर जाऊन त्या रेंगाळणे आणि दोन सर्व्हरांच्या घड्याळांत फरक पडणे ही नेहमीची कारणे होत. सर्व्हरचे नाव बदलल्यावर किंवा तो सेवेतून काढल्यावर जुनी नोंद मागे राहते. काही प्रणालींत फलक वेगळ्या फाइलीतून स्थिती वाचतो. अशा वेळी मध्यवर्ती आज्ञावली थांबली तरी फलक पूर्ववत दिसत राहतो.

निदान : प्रथम नोंदीचा रंग न पाहता तिचे वय पाहावे, म्हणजे शेवटच्या तपासणीची वेळ ठरलेल्या अंतराशी ताडून पाहावी. नोंद ताजी असेल, तर दोष तपासणीच्या निकषात किंवा प्रत्यक्ष सेवेत शोधावा. ती जुनी असल्यास किती सर्व्हरांच्या नोंदी जुन्या आहेत, हे पाहावे. सर्वच नोंदी एका वेळी थबकल्या असतील, तर दोष बहुधा मध्यवर्ती आज्ञावलीत असतो. एकाच सर्व्हरच्या थबकल्या असतील, तर तो त्या सर्व्हरवर किंवा त्याच्या वाटेवर असतो. त्यानंतर प्रणाली ज्या वापरकर्त्याच्या नावे तपासणी करते, त्याच नावाने ती हाताने करून पाहावी व निष्कर्ष कोठपर्यंत पोहोचतो, हे साखळीच्या एकेका दुव्यावर तपासावे. आज्ञावली पुन्हा सुरू करणे हा शेवटचा उपाय होय. कारण त्याने कारणाचा माग पुसला जाण्याचा संभव असतो.

उदाहरण : १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील एका वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षात दुपारी २·१४ नंतर इशारे देणारी आज्ञावली थिजली. इशारा येत नाही, म्हणजे सर्व सुरळीत आहे, असा चालकांचा समज झाला. शेजारच्या कंपनीकडून दूरध्वनी आला, तरी स्वतःच्या यंत्रणेत काहीच न दिसल्याने त्यांना त्याचे गांभीर्य उमगले नाही. पुढे मुख्य व राखीव असे दोन्ही सर्व्हर बंद पडले. संगणक विभागाने ३·०८ वाजता ते पुन्हा सुरू केले. परंतु इशारे येऊ लागले की नाही, याची खातरजमा चालकांकडून करून घेतली नाही. ३·०५ ते ३·४१ या काळात ३४५ किलोव्होल्ट दाबाच्या तीन वाहिन्या बंद पडल्या व चार वाजल्यानंतर बिघाडांची मालिका सुरू झाली. अमेरिका व कॅनडा यांतील सुमारे ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला.

प्रतिबंध : प्रत्येक नोंदीस वयोमर्यादा ठरवून द्यावी. ती तपासण्याच्या अंतराएवढीच ठेवल्यास किरकोळ विलंबानेही खोटा इशारा निघतो. म्हणून ती सामान्यतः दोन ते तीन आवर्तनांइतकी ठेवतात. नॅगिऑसमध्ये ही मर्यादा उलटल्यावर सक्रिय तपासणी करविता येते व तिच्याद्वारे स्थिती ‘अज्ञात’ किंवा ‘गंभीर’ करता येते. ‘प्रोमीथियस’ या प्रणालीत ५ मिनिटांहून जुने मूल्य सामान्यतः विचारात घेतले जात नाही. मात्र त्यामुळे मूल्य नाहीसे होताच त्यावर आधारलेला इशाराही शांत होऊ शकतो. म्हणून मूल्याच्या अभावासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. देखरेख करणाऱ्या प्रणालीवरही देखरेख हवी. यासाठी तिने नियमित पाठवावयाचा एक कायमचा संदेश ठेवतात आणि तो थांबल्यास बाहेरील दुसरी यंत्रणा इशारा देते. सर्व सर्व्हरांची घड्याळे एकमेकांशी जुळती ठेवणेही आवश्यक असते. दुरुस्तीनंतर मुद्दाम एक निरुपद्रवी बिघाड घडवून त्याचा इशारा संबंधित व्यक्तीपर्यंत पोहोचल्याची खात्री करावी. तोपर्यंत दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.